नेटवाल्याचा कॅश: तो काय साठवतो, काय बघतो आणि कुणाला झुकतं माप देतो हे घरबसल्या कसं तपासायचं

यूट्यूब मस्त चालतंय, मॅचचं स्ट्रीमिंग मस्त चालतंय, आणि एखाद्या छोट्या मराठी न्यूज साईटवर किंवा सरकारी फॉर्मवर गेलं की गोल चाक फिरत बसतं. ही तक्रार जवळपास प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते, मग कोणीतरी नेटवाल्याला फोन लावतं, तो म्हणतो स्पीडटेस्ट करून बघा, स्पीडटेस्टला पूर्ण १०० दिसतात आणि विषय तिथेच मिटतो. तो मिटायला नको. यूट्यूबचा व्हिडिओ बऱ्याचदा तुमच्याच शहरातल्या एका रॅकमधून येत असतो आणि ती छोटी साईट हजारो किलोमीटरवरून, आणि हा फरक कोणी ठरवला, त्यात तुमच्याबद्दल कोणाला काय कळतं, हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पण विचारायच्या आधी हातात पुरावा पाहिजे, नुसतं "स्लो आहे" म्हणून काही होत नाही.

एक लॅपटॉप आणि एक अँड्रॉइड फोन एवढं पुरतं, पैसे लागत नाहीत. साईटचे पत्ते, कमांड आणि आकडे इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना इंग्रजीत टाका.

आधी कुठला कॅश ते समजून घ्या

कॅश म्हणजे एकदा आणलेलं जवळ साठवून पुढच्याला तिथूनच देणं. कॅश म्हटलं की लोक एकच गोष्ट धरतात, पण नेटवाल्याकडे तीन वेगवेगळे प्रकार असतात आणि तिन्हींमध्ये प्रायव्हसीचा मामला वेगळा आहे.

पहिला जुना प्रकार म्हणजे ट्रान्सपरंट प्रॉक्सी. स्क्विडसारखं सॉफ्टवेअर नेटवाल्याच्या सर्व्हरवर बसवायचं आणि साध्या एचटीटीपीचा म्हणजे पोर्ट ८० चा सगळा ट्रॅफिक त्यातून वळवायचा, एकाने फोटो उघडला की दुसऱ्याला तोच साठवलेला द्यायचा. बँडविड्थ महाग होती तेव्हा याचा फायदा होता हे खरं, पण यात नेटवाला तुमचं पान अक्षर न् अक्षर वाचू शकतो, बदलूही शकतो, आणि ना साईटला विचारलेलं असतं ना तुम्हाला. एचटीटीपीएस, म्हणजे मजकूर कुलूप लावून पाठवणारं एचटीटीपी, आलं आणि हा धंदा बराचसा बसला. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने २०१५ च्या शेवटी त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट फुकट द्यायला सुरुवात केली, जुलै २०१८ मध्ये क्रोमने साध्या एचटीटीपी साईटवर "सुरक्षित नाही" लिहायला घेतलं, त्यानंतर कुलूप नसलेल्या साईट फार उरल्या नाहीत. उरल्यात मात्र.

दुसरा प्रकार म्हणजे कंटेंट कंपनीनेच नेटवाल्याच्या जागेत ठेवलेला डबा. गूगल ग्लोबल कॅश, नेटफ्लिक्सचा ओपन कनेक्ट, मेटाचे असेच सर्व्हर. सर्व्हर कंपनीचा, जागा आणि वीज नेटवाल्याची. नेटफ्लिक्स तर रात्री गर्दी नसताना दुसऱ्या दिवशी काय बघितलं जाईल याचा अंदाज बांधून डबा आधीच भरून ठेवतो. हा डबा कंपनी लांबून चालवते आणि त्यातून जे निघतं ते एन्क्रिप्टेड असतं, त्यामुळे तुम्ही कुठला व्हिडिओ बघितला हे नेटवाल्याला दिसत नाही, फक्त कोणत्या डब्यातून किती डेटा किती वाजता गेला एवढं कळतं. प्रायव्हसीच्या बाबतीत हा प्रकार पहिल्यापेक्षा कितीतरी बरा. इथे प्रश्न न्यायाचा आहे, कारण भरपूर ट्रॅफिक ज्याचा आहे त्याचाच डबा ठेवला जातो.

तिसरा डीएनएस कॅश. साईटच्या नावाचा नंबर शोधून देणारी यादी. साईझने सगळ्यात लहान, पण तुमच्याबद्दल सगळ्यात जास्त बोलणारी, कारण कुठल्या आजाराच्या साईटवर गेलात, कुठल्या नोकरीच्या, कुठल्या वकिलाच्या, हे सगळं त्यात नावानिशी येतं.

पायरी १: प्लॅनचा कागद बाहेर काढा

लोकल केबलवाल्यांच्या पत्रकात बारीक अक्षरात "पीअरिंग स्पीड" किंवा "कॅश स्पीड" असं लिहिलेलं असतं का बघा. म्हणजे इंटरनेट २० एमबीपीएस आणि कॅशमधलं १०० एमबीपीएस, असले प्लॅन आपल्याकडे विकले गेलेत. असं काही असेल तर फोटो काढून ठेवा, पुढे लागेल. एफयूपी, म्हणजे पूर्ण स्पीडच्या डेटाची मर्यादा, संपल्यावर स्पीड किती होतो आणि तो सगळ्या साईटला सारखाच होतो का, हेही त्यातच शोधा.

पायरी २: कंटेंट कुठून येतंय ते मोजा

ही पायरी नीट करा, बाकीचं सगळं यावर उभं आहे.

फायबरमधून उजेड एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. पिंग म्हणजे जाऊन येऊन वेळ, म्हणून १ मिलिसेकंद पिंगला जास्तीत जास्त १०० किलोमीटर अंतर धरा. याच्यापुढे कोणी जाऊ शकत नाही, कितीही भारी नेटवर्क असलं तरी. आता समजा तुम्ही नागपुरात आहात आणि एखाद्या व्हिडिओ सर्व्हरचा पिंग ३ मिलिसेकंद आला, तर तो सर्व्हर ३०० किलोमीटरच्या आतच आहे, मुंबईत असूच शकत नाही कारण मुंबई सरळ रेषेत धरली तरी साडेसहाशेच्या वर आहे. उलट एखाद्या साईटला ६० आले तर ती सिंगापूरला असू शकते (मुंबई ते सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे ३९ च्या खाली येणं अशक्य), पण ६० म्हणजे सिंगापूरच असं नाही, रस्ता वाकडा असला तरी आकडा वाढतो. लहान आकड्यावरून तुम्ही ठामपणे बोलू शकता, मोठ्या आकड्यावरून फक्त संशय घेऊ शकता, एवढं ध्यानात ठेवा. आणि पिंग वायफायवर घेऊ नका, केबल लावून घ्या, वायफायच चार-पाच मिलिसेकंद खातं कधीकधी.

सर्व्हरचं नाव कसं काढायचं? लॅपटॉपवर क्रोममध्ये यूट्यूबचा व्हिडिओ लावा, एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, फिल्टरमध्ये "व्हिडिओप्लेबॅक" टाका. गूगलव्हिडिओ डॉट कॉमने संपणारं एक लांबलचक नाव दिसेल. तेच कॉपी करून कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग करा, मग ट्रेसराउट करा (वाटेतले टप्पे दाखवणारी कमांड, विंडोजवर तिचं नाव ट्रेसआरटी). वाटेत दोन-तीनच टप्पे आणि सगळे तुमच्या नेटवाल्याच्या नावाचे दिसले तर डबा त्याच्याकडेच आहे.

नेटफ्लिक्ससाठी अजून सोपं आहे. फास्ट डॉट कॉम ही त्यांचीच स्पीड टेस्ट, ती त्यांच्याच कंटेंट सर्व्हरवरून मोजते. एफ१२ उघडं ठेवून टेस्ट चालवा आणि सर्व्हरची नावं वाचा. नावात शहराचा तीन अक्षरी विमानतळ कोड असतो, आणि पुढे "आयएसपी" असलं तर डबा नेटवाल्याच्या घरात, "आयएक्स" असलं तर इंटरनेट एक्स्चेंजवर, म्हणजे जिथे बरेच नेटवाले एकत्र जोडले जातात तिथे. मुंबईत निक्सी आहे, डीई-सिक्स आहे, एक्स्ट्रीम आयएक्स आहे, महाराष्ट्रातला बराच ट्रॅफिक तिथे हात बदलतो.

क्लाउडफ्लेअर ही साईटची पानं जगभरच्या आपल्या सर्व्हरवरून पोचवणारी कंपनी. तिच्यावर असलेल्या साईटसाठी साईटच्या पत्त्यापुढे स्लॅश, सीडीएन-सीजीआय, स्लॅश, ट्रेस असं टाका. साधं टेक्स्ट येईल, त्यात "कोलो" समोर बीओएम असेल तर मुंबई, एसआयएन असेल तर सिंगापूर. पुण्यात बसून एसआयएन येत असेल तर दोष बहुधा साईटचा नसून रस्त्याचा आहे, आणि रस्ता नेटवाला आणि ती कंपनी मिळून ठरवतात.

हे सगळं एका वहीत किंवा शीटमध्ये लिहा: साईट, पिंग, सर्व्हरचं नाव, वेळ. दुपारी एकदा आणि रात्री नऊ-दहाच्या गर्दीत एकदा. रात्री व्हिडिओचा आकडा हलला नाही आणि बाकी सगळ्यांचा तिप्पट झाला तर तुमच्या नेटवाल्याने बाहेर जाणारी लाइन पुरेशी घेतलेली नाही, डब्याच्या जिवावर निभावून नेतोय. माझ्या मते घरगुती नेटच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच आहे, मुद्दाम कोणी स्लो करत नसतं, स्वस्तात भागवलेलं असतं.

पायरी ३: मुद्दाम स्लो करतात का ते वेगळं तपासा

जवळ असल्यामुळे फास्ट असणं आणि दुसऱ्याला दाबल्यामुळे फास्ट वाटणं, या दोन गोष्टी एकत्र केल्या की नेटवाला तुम्हाला सहज उडवून लावतो. दाबतात का हे बघायला "वीही" नावाचं अ‍ॅप आहे, अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीच्या लोकांनी बनवलेलं. ते एखाद्या अ‍ॅपचा रेकॉर्ड केलेला ट्रॅफिक जसाच्या तसा पाठवतं, मग तोच ट्रॅफिक ओळखू येणार नाही असा करून पाठवतं, आणि दोन्हींचा स्पीड ताडून बघतं. फरक सतत दिसला तर नेटवाला नाव बघून वागतोय. पण यात तुमचा ट्रॅफिक त्यांच्या टेस्ट सर्व्हरवर जातो, नेटवाल्याच्या डब्यातून येत नाही, त्यामुळे कॅशबद्दल हे अ‍ॅप काही सांगत नाही. त्यासाठी पायरी २.

व्हीपीएन, म्हणजे आपला ट्रॅफिक झाकून दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरमधून नेणारी सोय, लावून बघणारे बरेच आहेत. व्हीपीएनवर व्हिडिओ स्लो झाला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, तुम्ही जवळच्या डब्यापासून स्वतःच लांब गेलात एवढंच. व्हीपीएनवर एखादी गोष्ट बऱ्यापैकी फास्ट झाली, आणि रोज होतेय, तर मात्र नोंद करा.

पायरी ४: पानात कोणी हात घालतंय का

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण आपल्याकडे घडलेलं आहे. २०१५ मध्ये बंगळुरूच्या एका प्रोग्रामरला त्याच्याच साईटच्या पानात मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवरून घुसवलेली स्क्रिप्ट सापडली, त्याने ती लोकांसमोर मांडली तर स्क्रिप्ट बनवणाऱ्या परदेशी कंपनीने उलट त्यालाच नोटीस पाठवली. अमेरिकेत व्हेरायझन ग्राहकांच्या एचटीटीपी ट्रॅफिकमध्ये न सांगता एक ओळखनंबर चिकटवत होती, कुकी डिलीट करून काही उपयोग नाही असा, त्यासाठी मार्च २०१६ मध्ये एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, १३.५ लाख डॉलरचा दंड लावला. ब्रिटनमध्ये बीटी या टेलिफोन कंपनीने २००६-०७ मध्ये फॉर्म नावाच्या कंपनीबरोबर ग्राहकांचं ब्राउझिंग त्यांना न सांगता जाहिरातींसाठी तपासून बघितलं होतं.

तपासायचं असं. ब्राउझरमध्ये एचटीटीपी (शेवटी एस नको) लावून नेव्हर एसएसएल डॉट कॉम उघडा, ही साईट मुद्दाम कुलूप न लावता ठेवलेली आहे. पानाचा सोर्स बघा, सेव्ह करा. मग तेच पान दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल डेटावर उघडा आणि ताडून बघा. पान स्वतः थोडं वेगवेगळं येऊ शकतं म्हणून अनोळखी डोमेनची स्क्रिप्ट किंवा आयफ्रेम (पानात बसवलेलं दुसरं पान) आहे का एवढंच शोधा. त्यानंतर एचटीटीपीबिन डॉट ओआरजी स्लॅश हेडर्स, हेही साध्या एचटीटीपीवर. सर्व्हरला तुमच्याकडून काय काय पोचलं ते तिथे छापून येतं. "एक्स-एएमझेडएन-ट्रेस-आयडी" अशी ओळ दिसली तर घाबरू नका, ती त्यांच्याच होस्टिंगची आहे. पण "व्हाया" दिसलं, किंवा तुमचा नंबर-आयडी वाटावा असं काही दिसलं, तर वाटेत प्रॉक्सी बसलेला आहे.

अजून एक छोटी टेस्ट: अस्तित्वात नसलेलं काहीतरी लांब, अगम्य डोमेन टाइप करा. ब्राउझरचा "साईट सापडली नाही" असा मेसेज आला तर ठीक. नेटवाल्याचं सर्च पान किंवा जाहिराती आल्या तर तो डीएनएसच्या उत्तरात फेरफार करतोय.

आणि कुठल्याही नेटवाल्याने, हॉस्टेलने, कोचिंग क्लासच्या वायफायने "स्पीडसाठी हे सर्टिफिकेट इन्स्टॉल करा" सांगितलं तर ते करू नका. ते टाकलं की तुमचं एचटीटीपीएस त्यांच्यासाठी उघडं पडतं, बँकेचं पान धरून. ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनी असं करते तो भाग वेगळा, तो लॅपटॉप कंपनीचा असतो, त्यावर घरचे व्यवहार करू नयेत.

पायरी ५: नेटवाल्याला तुमचं काय दिसतं

सगळं एचटीटीपीएस असलं तरी तीन गोष्टी दिसतात. डीएनएस साधा असेल तर साईटचं नाव. डीएनएस झाकला तरी कनेक्शन सुरू होताना एसएनआयमध्ये, म्हणजे कुठली साईट हवी ते सर्व्हरला सांगणाऱ्या भागात, तेच नाव उघडं जातं. आणि सर्व्हरचा आयपी, वेळ, डेटा किती. हा शेवटचा हिशोब तुमच्या नेटवाल्याला ठेवावाच लागतो, डिसेंबर २०२१ मध्ये लायसन्सच्या अटी बदलून दूरसंचार खात्याने असे रेकॉर्ड किमान दोन वर्षं ठेवायला सांगितलंय, आधी एक वर्ष होतं. म्हणजे कॅशमधून आलं की लॉग होत नाही असं कोणी सांगितलं तर ते चूक.

एसएनआय झाकायला ईसीएच नावाची सोय फायरफॉक्स आणि क्रोममध्ये २०२३ पासून आली आहे पण साईटनेही ती चालू केलेली लागते, त्यामुळे आज तरी त्यावर पूर्ण विसंबू नका.

पायरी ६: डीएनएस बदला, पण किंमत समजून

अँड्रॉइड ९ पासून सेटिंग्ज, नेटवर्क, प्रायव्हेट डीएनएस इथे जाऊन होस्टनेम टाकता येतं: डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट, किंवा डीएनएस डॉट गूगल, किंवा वन डॉट वन डॉट वन डॉट वन (इथे वन हा आकडा नाही, इंग्रजी शब्दच लिहायचा). फायरफॉक्समध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या तळाशी डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस आहे, क्रोममध्ये सिक्युरिटीत "सिक्युअर डीएनएस". झालं की १.१.१.१ स्लॅश हेल्प उघडून बघा, डीएनएस एन्क्रिप्टेड जातोय का ते तिथे दिसतं (क्लाउडफ्लेअर वापरत असाल तरच).

आता किंमत. बऱ्याच कंटेंट कंपन्या तुम्हाला कुठल्या डब्याकडे पाठवायचं हे डीएनएस सर्व्हर कुठे आहे त्यावरून ठरवतात. नेटवाल्याचा डीएनएस सोडला की त्यांना तुम्ही नेमके कुठे आहात ते कळत नाही आणि जवळचा डबा सोडून लांबचा मिळू शकतो. यावर उपाय म्हणून तुमच्या आयपीचा अर्धवट भाग पुढे पाठवायची पद्धत आहे, ईडीएनएस क्लायंट सबनेट. गूगलचा ८.८.८.८ ती वापरतो, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ प्रायव्हसीसाठी ती पाठवत नाही, क्वाड९ चा ९.९.९.९ पाठवत नाही पण ९.९.९.११ पाठवतो. म्हणजे इथे थोडी प्रायव्हसी आणि थोडा स्पीड यात निवड आहे आणि ती तुम्ही करायची, नेटवाल्याने नाही. मी घरच्यांना एवढंच सांगतो की आधी ९.९.९.९ लावा, पायरी २ मधले आकडे परत घ्या, फरक जाणवला नाही तर तोच ठेवा, जाणवला तर ९.९.९.११. नेटवाल्याला न कळलेलं त्या डीएनएसवाल्याला कळणार, हेही खरं आहे, विश्वास कोणावर तरी ठेवावाच लागतो, तर निदान ज्याची पॉलिसी लिहिलेली आणि वाचता येण्यासारखी आहे त्याच्यावर ठेवावा.

तुमची स्वतःची साईट असेल तर

गावाचं न्यूज पोर्टल, दिवाळी अंक, क्लासची साईट, काहीही. तुमचा डबा कोणी नेटवाला ठेवणार नाही, पण मुंबईत सर्व्हर असलेल्या सीडीएनचा (क्लाउडफ्लेअरसारखी, तुमची पानं वाचकाच्या जवळच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) फुकट प्लॅन घेता येतो. फोटो, सीएसएस, फॉन्ट यांना कॅशमध्ये राहायची लांब मुदत द्या. लॉगिननंतरची पानं, विद्यार्थ्यांचे मार्क, ऑर्डरचा पत्ता, यांवर सर्व्हरच्या "कॅश-कंट्रोल" या सेटिंगमध्ये "प्रायव्हेट" किंवा सरळ "नो-स्टोअर" लावा, विसरू नका. २५ डिसेंबर २०१५ ला स्टीम या गेमच्या दुकानात हल्ला रोखताना कॅशचं सेटिंग चुकलं आणि लोकांना एकमेकांची अकाउंटची पानं दिसायला लागली, कंपनीने सांगितलेला आकडा सुमारे ३४,००० लोकांचा होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये क्लाउडफ्लेअरच्या एका बगमुळे दुसऱ्यांच्या माहितीचे तुकडे पानांत सांडले आणि ते सर्च इंजिनांच्या कॅशमध्ये जाऊन बसले, ते तिथून धुऊन काढावे लागले. सीडीएन तुमचं कुलूप मध्येच उघडतो आणि परत लावतो, हे लक्षात ठेवून काय त्याच्यातून जाऊ द्यायचं ते ठरवा.

पायरी ७: आता विचारा

नियम थोडक्यात. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, कंटेंट बघून वेगवेगळा दर लावायला बंदी केली. नोव्हेंबर २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या शिफारशी दिल्या आणि जुलै २०१८ मध्ये दूरसंचार खात्याने त्या मान्य केल्या: कुठलंही कंटेंट अडवायचं नाही, मुद्दाम स्लो करायचं नाही, कुणाला खास स्पीड द्यायचा नाही. पण सीडीएन यातून बाहेर ठेवले. यातलं अर्धं मला पटतं, जवळ डबा ठेवल्याने दुसऱ्याचं काही जात नाही, उलट बाहेरची लाइन मोकळी होते. पण डब्यातल्या कंटेंटला १०० आणि बाकीच्यांना २० असं जेव्हा नेटवाला स्वतःच्या हाताने कॅप लावतो तेव्हा तो डब्याचा गुण राहत नाही, तो खास स्पीड झाला, आणि माझ्या मते हे नियमाच्या हेतूविरुद्ध आहे. पानात हात घालण्याबद्दल तर आयटी कायद्याचं कलम ७९ आहे, नुसता मधला वाहक म्हणून मिळणारं संरक्षण हवं असेल तर माहिती निवडायची किंवा बदलायची नाही.

नेटवाल्याला ईमेलवरच विचारा, फोनवर नाही. कुठल्या कंपन्यांचे कॅश तुमच्याकडे आहेत? कॅशसाठी वेगळा स्पीड आहे का, असेल तर का? एचटीटीपी प्रॉक्सी आहे का? डीएनएसचे लॉग किती दिवस ठेवता, कोणाला देता? बाहेरची लाइन गर्दीत भरते का, कधी वाढवणार? सोबत तुमची शीट जोडा. लोकल ऑपरेटर बऱ्याचदा प्रामाणिकपणे सांगतो, कारण त्यालाही वरच्या कंपनीकडून लाइन घ्यायची असते आणि वीस ग्राहकांनी एकाच महिन्यात लेखी विचारलं की त्याला तिकडे भांडायला कागद मिळतो. म्हणून हे सोसायटीतून एकत्र पाठवलेलं बरं.

उत्तर आलं नाही तर कस्टमर केअरला तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घ्या, त्यावर समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे जा, पत्ता त्यांच्या साईटवर द्यावाच लागतो. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही त्यामुळे तिथे वेळ घालवू नका, त्यापेक्षा दूरसंचार खात्याचं तक्रार पोर्टल किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५. स्क्रीनशॉटमध्ये तारीख-वेळ दिसू द्या आणि तुमचा आयपी, ग्राहक नंबर ग्रुपवर टाकायच्या आधी झाका.